मॅडम, आय सेव्हन है!

लॅपटॉप घ्यायला गेलं की सगळे आपल्याला स्टिकर दाखवतात. पण त्या स्टिकरवरच्या नावाचा नेमका अर्थ काय? सेलेरॉन, पेंटियम, आय३, आय५, आय७, रायझन... या सगळ्या भाऊगर्दीत आपले पैसे नक्की कशाला जातात? स्वतःचा खिसा रिकामा करण्याआधी घेतलेला हा शोध.

"मॅडम, आय सेव्हन है! इस प्राइस में आय सेव्हन कौन देगा आपको?"

लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दुकानातला मुलगा इतक्या कळकळीने सांगत होता की क्षणभर मलाच वाटलं, याचं आपण नुकसान करतोय. समोर काउंटरवर चकाचक पुसलेला रिफर्बिश्ड लॅपटॉप. किंमत २४ हजार. कोपऱ्यात निळा स्टिकर, त्यावर आय७. आणि माझी अवस्था अशी, की आधीचा लॅपटॉप ऐन डेडलाइनच्या आदल्या रात्री कायमचा झोपलेला. फ्रीलान्स पत्रकाराचा लॅपटॉप जाणं म्हणजे रिक्षावाल्याची रिक्षा जाणं. तीन चेक यायचे बाकी, बजेट जेमतेम ४० हजार. त्यात २४ हजारांत आय७? मी मनातल्या मनात उरलेल्या १६ हजारांचा हिशेबसुद्धा करून टाकला होता!

नशीब, पैसे देण्याआधी ताईला स्टिकरचा फोटो पाठवला. ताई पुण्यात आयटीत आहे. दोन मिनिटांत तिचा फोन. "अगं, आय७ हे आडनाव झालं. पूर्ण नाव काय त्याचं?"

मी त्या मुलाला सांगून सिस्टिमची माहिती उघडायला लावली. कोअर आय७-७५००यू. ताई पलीकडून म्हणाली, "ठेव खाली. आणि चहा पिऊन ये."

मंडळी, ही पुढची सगळी स्टोरी म्हणजे त्या चहानंतर मला कळलेल्या गोष्टी.

फ्लॅशबॅक : २००५

ताईच्या सावधपणाला इतिहास आहे. २००५ मध्ये तिला इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळाली आणि घरात कॉम्प्युटर आणायचं ठरलं. मी तेव्हा दुसरीत. बाबांनी ऑफिसच्या क्रेडिट सोसायटीतून कर्ज काढलं आणि डोंबिवलीतल्या एका दुकानातून २८ हजारांचा असेम्बल्ड पीसी घरी आला. मॉनिटरला हार घातला, पेढे वाटले. दुकानदाराने सांगितलं होतं, "पेंटियम फोरच आहे साहेब, २.८ गिगाहर्ट्झ." बिलावर मात्र फक्त 'इंटेल प्रोसेसर २.८ गिगाहर्ट्झ' एवढंच.

महिन्याभराने ताईचा एक वर्गमित्र घरी आला. त्याने 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या आणि सहज म्हणाला, "अगं, हा तर सेलेरॉन आहे."

दुकानदार अर्धसत्य बोलला होता. २.८ गिगाहर्ट्झ खरंच होते. प्रोसेसर इंटेलचाच होता. पण तो सेलेरॉन डी होता. त्या काळच्या २.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ई मध्ये १ एमबी कॅश मेमरी होती, सेलेरॉन डीमध्ये २५६ केबी, म्हणजे चौथा हिस्सा. पेंटियमचा बस स्पीड ८०० मेगाहर्ट्झ, सेलेरॉनचा ५३३. आणि त्या 'डी'चं काय? त्याच २००५ मध्ये इंटेलने पेंटियम डी नावाचा दोन कोअरचा प्रोसेसर आणला होता. सेलेरॉन डीमध्ये मात्र कोअर एकच! अक्षर तेच, माल वेगळा. आता बोला!

नावात काय आहे? सगळंच आहे!

एक काळ असा होता की प्रोसेसरला नावच नसायचं, फक्त नंबर असायचे. ३८६, ४८६. पण एएमडी या कंपनीनेही ३८६ नावाने चिप विकायला सुरुवात केली, आणि अमेरिकेतल्या कोर्टात इंटेलच्या लक्षात आलं की आकड्यावर ट्रेडमार्कचा हक्क सांगता येत नाही. मग १९९३ मध्ये ५८६ ऐवजी बाजारात आलं एक खास बनवलेलं नाव : पेंटियम. ग्रीक 'पेंटा' म्हणजे पाच, त्यावरून. १९९१ पासून 'इंटेल इनसाइड'ची जाहिरात जोरात होतीच. कॉम्प्युटरच्या आतली, कुणालाही न दिसणारी वस्तू साबणासारखी ब्रँडनेमने विकली जायला लागली.

पण मग पंचाईत झाली. स्वस्त कॉम्प्युटरचं मार्केट वाढलं. पेंटियमची किंमत उतरवावी तर ब्रँडची शान जाते, न उतरवावी तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. यावर उपाय म्हणून १९९८ मध्ये आला सेलेरॉन. पहिला सेलेरॉन म्हणजे काय, तर पेंटियम २ मधून बाहेरची कॅश मेमरी काढून टाकलेली चिप. इतका रडतखडत चालायचा की सगळीकडून बोलणी खाल्ली. इंटेलने त्याच वर्षी चूक सुधारली आणि १२८ केबी कॅश आतच बसवलेला सेलेरॉन ३००ए आणला. हा पठ्ठ्या असा निघाला की हौशी मंडळी मदरबोर्डचा बस स्पीड ६६ वरून १०० करायची आणि ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ४५० वर पळवायची. धाकट्या भावाने थोरल्याला घाम फोडला!

एएमडीनेही हाच फंडा वापरला. १९९९ मध्ये ॲथलॉन हा हिरो, २००० मध्ये ड्युरॉन हा त्याचा स्वस्तातला भाऊ, आणि २००४ मध्ये ड्युरॉनच्या जागी सेम्प्रॉन. गिगाहर्ट्झच्या शर्यतीत पेंटियम ४ पुढे दिसतो म्हणून एएमडीने तर नावातच आकडा घातला. ॲथलॉन एक्सपी १८००+ हा प्रत्यक्षात १.५३ गिगाहर्ट्झवर चालायचा. कंपनीचं म्हणणं, काम १८०० सारखं करतो ना, मग झालं!

२००६ मध्ये इंटेलने कोअर २ ड्युओ आणला आणि पेंटियमचं नशीब फिरलं. जो काल हिरो होता तो २००७ पासून चरित्र अभिनेता झाला. नवा पेंटियम ड्युअल-कोअर आता सेलेरॉनच्या वर आणि कोअरच्या खाली बसायला लागला. म्हणजे २००३ मध्ये 'पेंटियम आहे' हे कौतुक होतं आणि २०१३ मध्ये तेच वाक्य तडजोड होती. शब्द तोच, अर्थ उलटा.

पुढे २००८ मध्ये आय७, २००९ मध्ये आय५, २०१० मध्ये आय३. २०१७ मध्ये एएमडीने रायझन आणला आणि त्यातही पुढे ३, ५, ७ असेच आकडे लावले. योगायोग? छे हो! गिऱ्हाइकाला तुलना सोपी जावी आणि ती आपल्या सोयीने व्हावी, एवढाच हेतू. २०२३ मध्ये इंटेलने लॅपटॉपसाठी पेंटियम आणि सेलेरॉन ही दोन्ही नावं निवृत्त केली आणि त्या जागी नुसतं 'इंटेल प्रोसेसर' आलं. त्याच वर्षाच्या शेवटी आय गाळून 'कोअर अल्ट्रा' आला. थोडक्यात काय, तर पाट्या बदलत राहतात.

एकाच झाडाचे आंबे

ताईने सांगितलेली एक गोष्ट ऐकून मी चाटच पडले. आय५ आणि आय७ या नेहमीच दोन वेगळ्या कारखान्यांतल्या वेगळ्या वस्तू नसतात. अनेकदा त्या एकाच तबकडीतून निघतात!

सिलिकॉनची ३०० मिलिमीटर व्यासाची गोल तबकडी घेतात, तिच्यावर एकाच वेळी चिपांच्या रांगाच्या रांगा छापतात आणि मग कापून प्रत्येकीची परीक्षा घेतात. सगळ्या सारख्या निघत नाहीत. एखादी जास्त वेगाने चालते, एखादी तेवढ्याच वेगाला तापते, एखादीचा कॅशचा तुकडा खराब असतो, एखादीतला एक कोअरच काम करत नाही. मग फेकून द्यायची का? मुळीच नाही. खराब भाग बंद करायचा आणि खालच्या नावाने विकायची.

आपल्या हापूससारखंच. झाड एक, पण मोठा निर्दोष आंबा एका पेटीत, डाग पडलेला दुसऱ्या पेटीत. खाणाऱ्याला दोन्ही हापूसच. एएमडीचा २००८ मधला तीन कोअरचा फिनम एक्स३ असाच जन्माला आला : चार कोअरची चिप, एक कोअर बंद. आणि कधी कधी खालच्या पेटीला मागणी जास्त असते, तेव्हा चांगला आंबाही तिथे भरला जातो. म्हणूनच पुढच्या फिनम २ एक्स३ मध्ये काही नशीबवानांना तो बंद केलेला चौथा कोअर सुरू करता आला आणि तो व्यवस्थित चाललासुद्धा.

म्हणजे ब्रँडनेम हा दर्जाचा दाखला कमी आणि किमतीची पायरी जास्त. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं टेन्शन गुल.

स्वयंपाकघरातला प्रोसेसर

राहिलं अर्धं. त्यासाठी तांत्रिक शब्द समजायला हवेत. मास कॉमच्या माझ्यासारख्या मुलीला ते ज्या भाषेत कळले, त्याच भाषेत सांगते.

समजा, प्रोसेसर हे एका हॉटेलचं स्वयंपाकघर आहे. कोअर म्हणजे आचारी. गिगाहर्ट्झ म्हणजे त्याचा हात किती भरभर चालतो. कॅश म्हणजे गॅसशेजारचा मसाल्याचा डबा. रॅम म्हणजे मागचं कपाट. आणि हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी. मसाल्याचा डबा लहान असला की आचारी कितीही चपळ असो, त्याला दर दोन मिनिटांनी कपाटाकडे पळावं लागतं. आमच्या सेलेरॉनचं नेमकं हेच व्हायचं. हात २.८ चाच, पण डबा चौथा हिस्सा!

नुसत्या गिगाहर्ट्झवर जाण्यात आणखी एक गोची आहे. एक आचारी एका घावात कांद्याचे दोन तुकडे करतो, दुसरा चार. २००३ मधला पेंटियम एम आठवतोय? १.६ गिगाहर्ट्झचा हा लॅपटॉप प्रोसेसर, त्याच्याहून किती तरी जास्त गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला टक्कर द्यायचा, तीही कमी बॅटरी खाऊन. (आणि 'सेंट्रिनो' हा प्रोसेसर नव्हताच. पेंटियम एम, चिपसेट आणि वायफाय कार्ड या तिघांच्या पॅकेजचं ते नाव होतं. किती जणांनी सेंट्रिनो प्रोसेसर म्हणून लॅपटॉप मिरवले असतील!)

शेवटी गॅसची आच. नावाच्या शेवटी यू असेल तर मंद आच : लॅपटॉप हलका, बॅटरी जास्त वेळ टिकणार, पण जड काम सावकाश. एच असेल तर मोठी आच : व्हिडिओ एडिटिंग आणि गेमिंगला मस्त, पण तापणार आणि चार्जर सोबत बाळगावा लागणार.

आता त्या आय७ चं काय?

चला, परत लॅमिंग्टन रोडला. कोअर आय७-७५००यू. ७५०० मधला पहिला ७ म्हणजे सातवी पिढी, साल २०१६. यू म्हणजे मंद आच. कोअर किती? फक्त दोन! त्याच सातव्या पिढीतल्या डेस्कटॉपच्या आय७-७७०० मध्ये चार कोअर होते. स्टिकरवर मात्र दोघेही आय७.

पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, आठव्या पिढीचा आय५-८२५०यू आला. त्यात चार कोअर, कॅश ६ एमबी. आय७-७५००यू मध्ये दोन कोअर, ४ एमबी. एका वर्षात मधल्या भावाने मोठ्या भावाला मागे टाकलं. आणि २०२२ मधला बाराव्या पिढीचा आय३-१२१५यू घ्या : सहा कोअर (दोन मुख्य आचारी, चार हाताखालचे मदतनीस), कॅश १० एमबी, वेग ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत. आय७-७५००यू चा कमाल वेग ३.५. म्हणजे सगळ्यात धाकटा सगळ्यात पुढे!

त्याहून मोठा फटका वेगळाच होता. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेल्या यादीत इंटेलची आठवी आणि त्यापुढची पिढी आहे. सातव्या पिढीतले एखाद-दुसरे अपवाद सोडले तर बाकी सगळे बाहेर. ७५००यू बाहेरच. आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे २४ हजार मोजून मी पहिल्याच दिवशी मुदत संपलेला माल घरी आणला असता. बँकेचा पासवर्ड, क्लायंटच्या फाइल्स, सगळं त्याच्यावर!

मग मी हुशारी करायला गेले. दुसऱ्या दुकानात नवाकोरा रायझन ५ ७५२०यू. सात हजार सिरीज, म्हणजे नवीन ना? ताई हसली. एएमडीने २०२३ च्या लॅपटॉपसाठी जी नंबरांची पद्धत वापरली, तिच्यात पहिला आकडा मॉडेलचं वर्ष सांगतो आणि तिसरा आकडा आतली रचना. ७५२० मधला तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, जी रचना पहिल्यांदा २०१९ मध्ये आली. ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३. कंपनीने लपवलेलं काहीच नाही, फक्त ते तिसऱ्या आकड्यात ठेवलंय, जिथे आपण बघतच नाही.

इंटेलही काही कमी नाही. आय३-एन३०५ मध्ये आठ कोअर आहेत, ऐकायला झकास. पण आठही मदतनीस, मुख्य आचारी एकही नाही. चिप वाईट नाही, पण आय३-१२१५यू च्या नावाशेजारी बसून ती वेगळंच काम करते.

दुकानात जाण्याआधी हे वाचा

१. पूर्ण नाव विचारा. 'आय५ आहे' हे उत्तर नाही. आय५, मग नंबर, मग शेवटचं अक्षर. चार आकडी नंबर असेल तर सहसा पहिला आकडा पिढीचा. १० च्या पुढे पहिले दोन आकडे.

२. स्वतः उघडून बघा. विंडोजमध्ये सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट. किंवा टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स. तिथे कोअर आणि कॅशसुद्धा दिसतात. स्टिकर चिकटवता येतो, हे चिकटवता येत नाही.

३. पिढी आधी, आकडा नंतर. जुन्या आय७ पेक्षा नवा आय३ अनेकदा बरा.

४. काम काय, ते ठरवा. मेल, एक्सेल, ब्राउझर आणि सिनेमे एवढंच असेल तर वरच्या नावावर उधळायचे पैसे ८ ऐवजी १६ जीबी रॅमवर आणि एसएसडीवर घाला. फरक रोज जाणवेल.

५. बिलावर पूर्ण नाव लिहून घ्या. नुसतं 'इंटेल प्रोसेसर' चालणार नाही. हा मुद्दा आमच्या घरातर्फे.

आणि शेवटी...

मी आय३-१२१५यू चा नवा लॅपटॉप घेतला. ३६ हजार, वर रॅम वाढवून घेतली. ग्रुपवर फोटो टाकला तर पहिली कॉमेंट, "आय३? अगं, थोडे दिवस थांबली असतीस तर!" मान्य करते, क्षणभर मला लाज वाटली. इतकं सगळं वाचून, समजून, स्वतः निवडूनसुद्धा. ब्रँडिंगवाल्यांना शंभरपैकी शंभर!

रविवारी डोंबिवलीला गेले तेव्हा बाबांना ही गंमत सांगितली. बोलता बोलता जुन्या कॉम्प्युटरचा विषय निघाला. त्याच्या कॅबिनेटवर पुढच्या बाजूला एक चौकोनी, चिकट डाग होता. धूळ बसून काळा पडलेला. तिथला स्टिकर मी लहानपणी खरवडून काढला असणार, असंच मी इतकी वर्षं समजत होते. तसं म्हणाले, तर बाबा हसले.

"तू नाही. मी काढला तो. ताईच्या मैत्रिणी यायच्या ना प्रोजेक्टला. त्यावर सेलेरॉन लिहिलेलं असायचं."

"मग तुम्ही दुकानात जाऊन भांडलात का नाही?"

"बिलावर पेंटियम लिहिलंच नव्हतं. काय भांडणार? आणि सोसायटीचे हप्ते तर सुरू झाले होते."

मी काहीच बोलले नाही. ताईने त्याच सेलेरॉनवर सीचे प्रोग्रॅम लिहिले, फायनल इयरचा प्रोजेक्ट केला, पहिल्या नोकरीचा बायोडेटा टाइप केला. मी त्याच्यावर पेंट उघडून घरं आणि डोंगर काढले. कॉम्प्युटरने काम चोख केलं. तो सेलेरॉन म्हणूनच, सेलेरॉनच्याच किमतीला विकला असता, तर बाबांना ब्लेड घेऊन बसावं लागलं नसतं.

माझ्या लॅपटॉपवर आय३ चा स्टिकर आहे. तसाच ठेवलाय. हा लेखही त्याच्यावरच टाइप केलाय, आणि या वेळी डेडलाइनच्या एक दिवस आधी!